रोज दिसणारं चित्र आणि 'ओरिजिनल'चा शिक्का

संग्रहालयात माणूस एका चित्रासमोर किती वेळ थांबतो, याचं मोजमाप जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये केलं होतं. २००१ साली छापलेला त्यांचा आकडा बराच गाजला: सरासरी २७.२ सेकंद, आणि मध्यक तर फक्त १७ सेकंद. घरातल्या चित्राचं गणित याच्या उलट आहे. सोफ्यावर टांगलेलं चित्र आपण एका वेळी सेकंदभरच बघतो, पण दहा वर्षं बघतो. घरासाठी चित्र निवडताना खरा प्रश्न इथे आहे. दुकानात ते कसं दिसतं यापेक्षा तीनशेव्यांदा बघितल्यावर काय होतं?

मानसशास्त्राचं जुनं उत्तर असं, की आवडायला लागतं. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला बरी वाटू लागते. जेम्स कटिंग यांनी कॉर्नेल विद्यापीठात हे इम्प्रेशनिस्ट चित्रांवर तपासलं. वर्गात कमी प्रसिद्ध चित्रं वरचेवर दाखवली, आणि प्रसिद्ध चित्रांकडे असलेला मुलांचा कल पुसट झाला. म्हणजे 'थोर' चित्रं थोर का, तर ती सारखी दिसतात म्हणून? हे खरं असेल तर भिंतीवर काहीही लावा, सवय होईल. सात घोडे लावा नाहीतर बुद्धाचा चेहरा.

पण २०१३ मध्ये मेस्किन, फेलन, मूर आणि कीरन या चौघांनी एक खोडसाळ प्रश्न विचारला: चित्र वाईट असेल तर? चांगल्या बाजूला त्यांनी जॉन एव्हरेट मिले घेतला आणि वाईट बाजूला थॉमस किंकेड. किंकेड म्हणजे संध्याकाळी खिडक्यांतून पिवळा उजेड सांडणारी झोपडी, पुढे ओढा, त्यावर दगडी पूल. अमेरिकेत प्रचंड खपलेला माणूस. निकाल असा, की किंकेडची जी चित्रं जास्त वेळा दाखवली ती मुलांना कमी आवडू लागली. मिलेच्या बाबतीत अशी घसरण दिसली नाही.

हा पेपर मला आवडतो, पण त्याच्यावर फार वजन टाकू नये. प्रत्येक बाजूला एकच चित्रकार आहे, बघणारे सगळे विद्यार्थी, आणि 'वाईट' कोण हे संशोधकांनी आधीच ठरवलेलं. मिले विरुद्ध किंकेड म्हणजे सगळी चांगली कला विरुद्ध सगळी वाईट कला असं होत नाही. शिवाय वर्गात पडद्यावर काही सेकंद दिसणं वेगळं आणि घरात चहा पिताना नजर जाणं वेगळं. माझ्या प्रयोगशाळेत दोन नमुन्यांवर एवढा निष्कर्ष काढला तर सर मला दाराबाहेर उभं करतील. तरी एक गोष्ट यातून हलते: सवय सगळ्याच चित्रांना सारखी तारत नाही.

किंकेडची दुसरी बाजू तर आपल्या थेट कामाची आहे. त्याच्या नावावर घरोघरी गेलेली बहुतेक चित्रं म्हणजे कॅनव्हासवर उतरवलेल्या छापील प्रती. त्यातल्या काहींवर शिकवून तयार केलेले लोक ब्रशने रंगाचे फटकारे द्यायचे, आणि तेवढ्याने किंमत वाढायची. हीच युक्ती आज आपल्याकडेही दिसते. स्कॅन करून इंकजेटवर काढलेली प्रत, वर पारदर्शक जेलचे उंचवटे, आणि वर्णनात 'हॅन्ड-फिनिश्ड, लिमिटेड'. 'जिक्ले' हा भारदस्त शब्दसुद्धा १९९१ मध्ये इंकजेट छपाईसाठीच तयार केला गेला. प्रत घेण्यात काही वाईट नाही, पण ती प्रतीच्या भावात मिळायला हवी.

मग कमी पैशांत अस्सल काय? माझं मत ठाम आहे: छापचित्र घ्या. लिनोकट, वुडकट, एचिंग. इथे 'छाप' शब्दाने गोंधळ होतो. लिनोकटमागे दुसरं 'मूळ चित्र' नसतं. कलाकार लिनोलियम कोरतो ते छापण्यासाठीच, त्यामुळे कागदावर उमटलेला प्रत्येक ठसा अस्सलच. खाली पेन्सिलने ७/३० लिहिलेलं असतं, म्हणजे तीसपैकी सातवा. कष्ट तीस ठशांत वाटले गेल्यामुळे किंमत खाली येते. संशोधकाची फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, त्यातून भाडं जातं. तरी माझ्या टेबलावरचं लिनोकट मी एका कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनातून दोन हजारांत घेतलं. फ्रेमवाल्याने त्याहून जास्त घेतले! मुंबईत असाल तर जे. जे.चं वार्षिक प्रदर्शन आणि जहांगीरबाहेरचा फुटपाथ बघा. फुटपाथवर चित्रकार स्वतःच बसलेले असतात, कसं केलं ते विचारता येतं.

ओळखायला सोनाराकडचं दहापट भिंग पुरतं. इंकजेटमध्ये वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. लिनोकटमध्ये सलग शाई, आणि कडेला ती किंचित दाबून जाड झालेली. एचिंगमध्ये तर पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब कागदावर बोटाला लागतो. टिकण्याचं म्हणाल तर काळ्या शाईतला कार्बन उन्हाला फारसा भीक घालत नाही. स्वस्त प्रिंटमधले डाय मात्र खिडकीसमोर फिके पडतात. फ्रेमच्या आतला पुठ्ठा आम्लमुक्त मागा, नाहीतर साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल हळूहळू कागद पिवळा करतं.

आणि घाई नसेल तर चित्रकाराला विचारून फोटो घ्या आणि पंधरा दिवस फोनच्या लॉकस्क्रीनवर ठेवा. दिवसातून पन्नास वेळा दिसेल. पंधराव्या दिवशीही नजर त्यात कुठेतरी अडकत असेल, तर फोन करून ते अजून शिल्लक आहे का विचारा.