ऋण आणि अनुग्रह : अमेरिकेतील व्यापार-समायोजन साहाय्याची चिकित्सा

परदेशी मालाच्या आयातीमुळे, अथवा कारखानाच परदेशी नेल्यामुळे ज्यांचे काम जाते त्या कामगारांना सरकारने साहाय्य द्यावे काय, आणि द्यावयाचे तर ते कोणत्या नात्याने, असे दोन प्रश्न आहेत. चर्चा बहुधा पहिल्याचीच होते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील 'व्यापार-समायोजन साहाय्य' ह्या योजनेचा इतिहास पाहिला असता दुसराच प्रश्न निर्णायक ठरल्याचे दिसते.

पोलाद-कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्डॉनल्ड हे रँडॉल आयोगाचे सभासद होते. ही कल्पना त्यांनी १९५४ साली तेथे मांडली. १९६२ च्या व्यापार-विस्तार अधिनियमात राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांनी तिला स्थान दिले. त्यांचा युक्तिवाद असा की, जकाती उतरविण्याचा निर्णय राष्ट्र आपल्या हितासाठी घेते. तेव्हा त्याचा सारा भार त्यामुळे घायाळ होणाऱ्यांवरच पडू नये, काही भार शासनाने उचलावा. ही भाषा दयेची नसून ऋणाची आहे. लाभ सर्वांचा आणि हानी काहींची असेल, तर लाभ घेणारे हे हानी सोसणाऱ्यांचे देणेकरी होत.

परंतु अधिनियमाच्या कलमांत ही भाषा टिकली नाही. जकातीतील सवलत हेच आयातवाढीचे प्रमुख कारण होय, आणि आयातवाढ हेच बेकारीचे प्रमुख कारण होय, असे दुहेरी सिद्ध करावयाचे होते. परिणामी १९६९ च्या अखेरीपर्यंत एकाही कामगार-गटाचा अर्ज मंजूर झाला नाही. सवलतींच्या मोबदल्यात पाठिंबा देणाऱ्या संघटनांनी ह्या योजनेस 'अंत्यविधीचा विमा' म्हणावे, यात नवल नाही. १९७४ च्या अधिनियमाने अटी सैल केल्या. तथापि १९८० मध्ये मोटार-उद्योगातील बेकारांमुळे खर्च सुमारे १६० कोटी डॉलरांवर गेला, आणि लगेच १९८१ मध्ये लाभांना कात्री लागली. ज्या वर्षी देणे सर्वांत मोठे ठरले, त्याच्या पुढल्याच वर्षी ते नाकारावे, हे देणेकऱ्याचे वर्तन नव्हे.

पुराव्याची अट सर्वस्वी अन्याय्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. यंत्रामुळे बेकार झालेला आणि आयातीमुळे बेकार झालेला ह्यांची भूक सारखीच असते. मग दुसऱ्यालाच विशेष साहाय्य का, ह्या आक्षेपास कारणाचा पुरावा हेच उत्तर आहे. प्रश्न असा की तो कोणी आणि कशाचा द्यावयाचा? २००२ च्या अधिनियमाप्रमाणे केवळ 'वस्तू' निर्माण करणारे कामगारच पात्र होते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांचे काम भारतासारख्या देशांत जाऊ लागले, तेव्हा आज्ञावली ही मूर्त वस्तू नव्हे ह्या कारणास्तव त्यांचे अर्ज फेटाळण्यात आले. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने प्रकरणे पुनर्विचारार्थ परत पाठविली, त्यानंतर २००६ मध्ये श्रम खात्याने ही भूमिका सोडली. सेवा-क्षेत्रातील कामगार तर २००९ मध्ये पात्र ठरले. ते काम ज्यांच्या हाती आले ते आपल्याच देशातील होते. म्हणून हा वाद आपणांस परका मानता येत नाही.

दुसरी बाब प्रशिक्षणाची. १९८८ पासून भत्ता मिळविण्यासाठी प्रशिक्षण घेणे, किंवा त्यातून रीतसर सूट मिळविणे, आवश्यक झाले. आणि २००२ च्या अधिनियमाने प्रशिक्षणाच्या खर्चास वर्षाला २२ कोटी डॉलरांची मर्यादा घातली. जे सक्तीचे त्यालाच मर्यादा! प्रशिक्षणाच्या फलाविषयीही एकवाक्यता नाही. श्रम खात्यासाठी केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चार वर्षांच्या अखेरीस साहाय्य घेणाऱ्यांची मिळकत त्यांच्यासारख्याच इतर बेकारांहून कमी आढळली. उलट बेंजामिन हायमन ह्यांच्या २०१८ च्या निबंधात दहा वर्षांत एकूण सुमारे ५०,००० डॉलरांची अधिक मिळकत दिसते. ह्या निबंधाची पद्धती त्याच्या निष्कर्षाहून अधिक बोलकी आहे. काही तपासनीस उदार असतात, काही कठोर. अर्ज कोणाकडे जाईल हे जवळजवळ दैवाधीन असते. म्हणून मंजूर व नामंजूर गटांची तुलना करता येते. संशोधकाच्या सोयीची ही गोष्ट कामगाराच्या दृष्टीने काय आहे, हे सांगावयास नको. ऋणको कोणत्या मेजावर बसला आहे यावर ऋण ठरत नसते.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी २००२ मध्ये आलेला वेतन-विमा हा त्यातल्या त्यात मूळ कल्पनेशी प्रामाणिक होता. नवे काम कमी वेतनाचे असल्यास तुटीचा अर्धा भाग, दोन वर्षांत १०,००० डॉलरांपर्यंत, भरून देण्याची त्यात सोय होती. कामगाराने काय शिकावे हे न सांगता, त्याने काय गमावले एवढेच तेथे मोजले जाई.

१ जुलै २०२२ रोजी मुदत संपल्याने नवीन प्रमाणपत्रे देण्याचा श्रम खात्याचा अधिकार संपुष्टात आला. त्यासाठी कोणी योजना रद्द करण्याचा ठराव मांडला नाही. मुदतवाढ मिळाली नाही, एवढेच. जकाती उतरविणाऱ्या करारांना मात्र अशी मुदत बहुधा नसते. सौद्याची एक बाजू कायम आणि दुसरी मुदतीची, ही विषमता कलमांच्या दुरुस्तीने जाणार नाही. हे साहाय्य अनुग्रह आहे की ऋण, ह्याचा निर्णय विधिमंडळाने आधी केला पाहिजे. कारण अनुग्रह थांबविता येतो, ऋण फेडावेच लागते.