परक्या गांवचा शरद

नोकरीचें जूं मानेवरून उतरल्यावर मनुष्यानें कोठें जाऊन राहावें, हा प्रश्न आपल्याकडे काशी, पुणें किंवा कोंकणांतील वडिलार्जित घर अशा दोनचार उत्तरांत मिटे. इंग्रज मध्यमवर्गानें त्याला निराळेंच उत्तर शोधलें, तें म्हणजे फ्रान्सच्या खेड्यांतील जुनें दगडी घर. हें उत्तर लोकप्रिय करण्याचें श्रेय (कोणी अपश्रेयहि म्हणेल) पीटर मेल ह्यांच्या १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'अ इयर इन प्रोव्हान्स' ह्या पुस्तकाकडे बरेंचसें जातें.

मेल हे जाहिरातीच्या धंद्यांतून बाहेर पडलेले लेखक. ल्युबेरॉन डोंगराच्या परिसरांत, मेनेर्ब गांवाजवळ, त्यांनीं सपत्नीक एक दोनशें वर्षांचें शेतघर विकत घेतलें आणि पहिल्या वर्षाची हकीकत जानेवारी ते डिसेंबर अशा बारा प्रकरणांत सांगितली. तेव्हां त्यांनीं पन्नाशीहि गांठली नव्हती; परंतु पेन्शनीकडे डोळे लावून बसलेल्यांनीं हें पुस्तक पोथीसारखें वाचलें, म्हणून आम्हीहि त्याच दृष्टीनें त्याची परीक्षा करणार आहों.

आमच्या मतें पुस्तकाचा कस लागतो तो सप्टेंबरपासूनच्या प्रकरणांत. शरद म्हटला कीं आपणांस धुतल्यासारखें आभाळ व कोजागिरीचें चांदणें आठवतें. तिकडच्या शरदाचा प्रारंभ भरल्या द्राक्षवेलींनीं होतो खरा, पण त्याचा शेवट पानगळींत व्हावयाचा. एकाच ऋतूंत सुगी आणि वार्धक्य दोन्ही. मेल ह्यांनीं त्यांतली सुगी उत्तम टिपली आहे. उन्हाळी पाहुणे पांगतात, रानांत शिकाऱ्यांच्या बंदुका वाजूं लागतात, द्राक्षांची तोडणी होते. द्राक्षमळ्याची व्यवस्था तर आमच्या वाचकांस ओळखीचीच वाटेल: नव्या वेलींचा खर्च मालकानें करावयाचा, मेहनत शेजारच्या फोस्तँनें, उत्पन्नाचे दोन वांटे कसणाराचे, एक मालकाचा. मालकाच्या पदरीं शेतीचें ज्ञान बेताचेंच. आपल्या अडाणीपणावर आपणच हंसण्याचा मोकळेपणा हा ह्या लेखकाचा मोठा गुण, आणि तोच पुस्तकाला तारतो.

परंतु शेजाऱ्यांचें काय? मासो कोल्ह्याच्या रश्श्याची कृति सांगतो. नळकाम करणारा मेनिकुची थंडी वाढण्याचें कारण पृथ्वीच्या आकारांत शोधतो. कारागीर आज येतों म्हणून महिने लावतात, आणि शेवटीं डिसेंबरांत त्यांना बायकांसह मेजवानीस बोलावण्याची युक्ति लेखकाची पत्नी काढते, तेव्हां कुठें घर पुरें होतें. प्रसंग झकास आहेत. मात्र हीं माणसें परक्या पाहुण्याला हंसविण्याकरितांच जणूं जन्मलीं आहेत. त्यांचें घरचें दुखणें, कर्ज, म्हातारपण ह्यांची चाहूल क्वचितच लागते.

शरदाच्या ऐन मध्यावर, १ नोव्हेंबरच्या सुमारास, फ्रान्समध्यें घरोघरचीं माणसें शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपल्या मृतांच्या थडग्यांवर जातात. आपला पितृपंधरवडाच म्हणा ना. परदेशीं जाऊन राहिलेल्या निवृत्त मनुष्याची खरी परीक्षा त्या दिवशीं. त्याला गांवांत घर आहे, वेली आहेत, ओळखीचा पाववाला आहे. पण त्या दफनभूमींत त्याचें कोणी नाहीं. अशा जागीं थांबण्याचा मेल ह्यांचा स्वभाव नाहीं. त्यांची लेखणी लगबगीनें पुढच्या जेवणाकडे वळते. पहिल्या वर्षाच्या वृत्तांताकडून एवढें मागणें अन्यायाचें, असें कोणी म्हणेल, आणि तें कांहीं अंशीं खरेंहि आहे. नव्या नवरीला सासरच्या पितरांचीं नांवें थोडींच येतात! मात्र पुढेंहि त्यांचा सूर फारसा बदलला नाहीं, ही आमची तक्रार कायम आहे. वस्तुतः अनुभवाची उणीव त्यांना नव्हती. पुस्तकाच्या कीर्तीनें वाचकांचे तांडे त्यांच्या दारांत येऊं लागले, तेव्हां त्यांना कांहीं वर्षें अमेरिकेंत जाऊन राहावें लागलें. मग ते पुन्हां प्रोव्हान्सलाच परतले आणि २०१८ सालीं तेथेंच वारले. परतून आलेल्या मनुष्याला तोच शरद कसा दिसला, हें जाणण्याची आम्हांस अधिक उत्सुकता होती.

त्यांचा मार्ग आतां पूर्वीइतका मोकळाहि राहिलेला नाहीं. ब्रिटन यूरोपीय संघांतून निघाल्यावर, २०२१ च्या आरंभापासून, तेथें नव्यानें जाणाऱ्या ब्रिटिश नागरिकास दीर्घ मुदतीच्या व्हिसावांचून कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. ज्याला द्राक्षांच्या तोडणीपासून शेवटचें पान गळेपर्यंतचा शरद पुरा पाहावयाचा, त्यानें वसंतांतच आपल्या दिवसांचा हिशेब मांडावयास हवा.