'टॉपल': पडलं की पाडलं?

इंग्रजीतल्या 'टॉपल' या क्रियापदाच्या पोटात 'टॉप' आहे, म्हणजे माथा. वरचा भाग जड झाला, तोल पायाबाहेर गेला, की वस्तू अख्खीच्या अख्खी आडवी होते. ते टॉपल होणं. पुस्तकांची उंच चळत, चबुतऱ्यावरचा पुतळा. 'कोलॅप्स' वेगळं, त्यात वस्तू आतून खचते, जागच्या जागी ढासळते. आपल्याकडे भाषांतरात दोन्हींना सरसकट 'कोसळणे' लावतात, ते मला खटकतं. मराठीत कलंडणं आहे, उलथणं आहे, लवंडणंही आहे. (लवंडणं मात्र पुतळ्याला नको. ते तांब्याला शोभतं, नाहीतर दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसाला.)

पण खरी गोम पुढेच आहे. टॉपल अकर्मकही आहे आणि सकर्मकही. झाड आपलं आपण टॉपल होतं, जमाव राजाला टॉपल करतो. इंग्रजी मथळ्यात सहायक क्रियापद गाळतात, त्यामुळे नुसत्या 'स्टॅच्यू टॉपल्ड'वरून पुतळा पडला की कुणी पाडला, हे कळत नाही. मराठीत 'पडला' आणि 'पाडला' यांत एका कान्याचा फरक, आणि तो काना द्यायचा की नाही हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. 'कोसळला' लिहिलं की त्यातून सुटका.

7 जून 2020 रोजी ब्रिस्टलमध्ये निदर्शकांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा दोर लावून ओढला, बंदरापर्यंत लोळवत नेला आणि पाण्यात ढकलला. हा 'कोसळला' कसा? बगदादच्या फिरदोस चौकात 9 एप्रिल 2003 ला सद्दामच्या पुतळ्याचं प्रकरण आणखी गुंत्याचं. चबुतऱ्यावर घण घातले इराकींनी, पण शेवटी साखळी लावून पुतळा ओढला तो अमेरिकी मरीन्सच्या अवजड चिलखती गाडीने. म्हणजे इथे 'पाडला' लिहूनही भागत नाही, कर्ताही नीट सांगावा लागतो.

पुतळ्याचं निदान चित्रीकरण असतं. सरकारांचं काय? '1953 मध्ये इराणात मोसादेघ यांचं सरकार कोसळलं' हे वाक्य व्याकरणात चोख आहे. पण 2013 मध्ये खुल्या झालेल्या सीआयएच्या अंतर्गत कागदपत्रांत त्या उठावातला स्वतःचा हात कबूल केलेला आहे. पाऊस कोसळतो, दरड कोसळते. तिथे कर्ता शोधत कुणी बसत नाही. सरकारही त्याच रांगेत जाऊन बसतं.

जून 2022 मध्ये महाविकास आघाडीचं सरकार गेलं, तेव्हा भांडण याच कान्याचं होतं. एक बाजू म्हणे 'पाडलं', दुसरी म्हणे 'आपल्याच ओझ्यानं पडलं'. अनेक मथळ्यांनी 'कोसळलं' छापलं.