अश्रूंच्या पलीकडले छायाचित्र

छायाचित्र यंत्र टिपते. मग त्यात कलावंताचे स्वतःचे असे काय असते? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला यूजीन स्मिथ यांच्या एका कृतीकडे वळावेसे वाटते.

जपानमधील मिनामाता येथील रासायनिक कारखाना समुद्रात पारायुक्त सांडपाणी सोडीत असे. तिथली मासळी खाणाऱ्या कोळी कुटुंबांना जडलेल्या व्याधीची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. विष सोडणे मात्र १९६८ पर्यंत चालूच राहिले. १९५६ मध्येच जन्मलेल्या तोमोकोला हे विष मातेच्या उदरातच बाधले होते. डिसेंबर १९७१ मध्ये स्मिथ यांनी तिला न्हाणीत, आईच्या हातांवर टिपले. भोवती काळोख, एका बाजूने उतरणारा उजेड, मुलीचे आखडलेले हातपाय, आणि तिच्या मुखाकडे एकटक पाहणारी माता. काय उजळावे आणि काय अंधारात ठेवावे, या निवडीतच स्मिथ यांचे मन प्रकट झाले आहे. ती माता आपल्याकडे पाहत नाही, दयेची याचना करीत नाही. म्हणूनच हे चित्र केवळ करुण न राहता उदात्त होते.

अनेकांना येथे मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ची आठवण झाली. उपवासकाळात दुःखी मातेचे चिंतन करणाऱ्या आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना तर ती सहजच होते. परंतु येथेच आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. पवित्र मरियेच्या मांडीवर मृत पुत्र आहे. तोमोको जिवंत आहे आणि आई तिला नित्याप्रमाणे न्हाऊ घालीत आहे. तिला प्रतीक मानण्याच्या भरात आपण तिचे जिवंतपण विसरतो. आपला भाव सच्चा असतो, पण तो तिच्यापर्यंत पोहोचतोच असे नाही.

तोमोको १९७७ साली, एकविसाव्या वर्षी वारली. चित्र मात्र जगभर छापले जात राहिले. तिला आता विश्रांती मिळावी, असे आईवडिलांना वाटू लागले. स्मिथ यांच्या निधनानंतर हक्क सांभाळणाऱ्या आयलीन स्मिथ यांनी १९९८ मध्ये त्या इच्छेला मान देऊन चित्राचे नवे प्रकाशन थांबविले. पुढे मिनामातावरील २०२० च्या चित्रपटाच्या निमित्ताने त्यांनीच ते पुन्हा लोकांसमोर येऊ दिले.

या दोन निर्णयांपैकी एकच योग्य, असे आम्हांला म्हणवत नाही. आपल्याकडेही अंत्यविधीच्या वेळी शवपेटीभोवती उभे राहून छायाचित्र काढण्याची रीत आहे. ते घरात जपले जाते. तेच परक्यांनी भिंतीवर लावून त्यावर अश्रू ढाळले, तर आपल्याला काय वाटेल? आणि त्या अश्रूंमुळे एखादा विषारी नाला बंद होणार असेल, तर?

उत्तम छायाचित्र आपल्याला रडविते. या छायाचित्राने आम्हांला, रडून झाल्यावर, त्या मायलेकींची आधी चौकशी करावयास शिकविले.