रोहिताचा रंग आणि डिजिटल छायाचित्राच्या संपादनाचा क्रम : एक चिकित्सा

डिजिटल छायाचित्राच्या संपादनातील क्रम हा सामान्यतः सोयीचा प्रश्न मानला जातो. आधी क्रॉप, मग कॉन्ट्रास्ट, मग रंगांची तीव्रता आणि शेवटी शार्पनिंग, ही सवय अनेक हौशी छायाचित्रकारांमध्ये रुजलेली दिसते. नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर टिपलेल्या रोहित पक्ष्यांच्या छायाचित्रांना हा क्रम लावला, की त्यातील उणीव उघडी पडते.

ठाणे खाडीच्या परिसरात मोठा रोहित आणि छोटा रोहित या दोन्ही जाती आढळतात. मोठ्याचा देह पांढुरका, फिकट गुलाबी आणि चोच गुलाबी, टोकाशी काळी. छोट्याचा रंग बहुधा अधिक गडद आणि चोच काळपट किरमिजी. अपरिपक्व पक्षी करडे-तपकिरी असतात. म्हणजे जात आणि वय ओळखण्यास येथे रंगाचा आधार घ्यावा लागतो. व्हाइट बॅलन्स न तपासता रंगांची तीव्रता वाढविली, तर सकाळच्या तांबूस प्रकाशातील मोठा रोहित छोट्यासारखा भासू लागतो.

फोटोशॉपमध्ये चित्रावर थेट काम करताना प्रत्येक क्रिया आधीच्या क्रियेने उरलेल्या माहितीवर घडते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीस केवळ 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. त्यामुळे जेपेगमधील चुकीचा क्रम लवकर अंगाशी येतो. 2007 मध्ये आलेल्या लाइटरूमसारख्या प्रणालीत मूळ फाइल अबाधित राहते आणि बहुतांश बदल प्रणाली स्वतःच्या ठरलेल्या क्रमाने करते. यावरून क्रमाचा प्रश्नच निकालात निघाला, असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. दुसरा बदल किती करावा हे पहिल्या बदलानंतर दिसणाऱ्या चित्रावरूनच डोळा ठरवितो, आणि त्या डोळ्याला प्रणालीचा अंतर्गत क्रम ठाऊक नसतो.

व्हाइट बॅलन्ससाठी रोहिताच्या ‘पांढऱ्या’ पिसांवर क्लिक करणे ही तर नेहमीची चूक. प्रणाली तेथील गुलाबी छटा दोष समजून पुसते आणि भोवतीचा चिखल हिरवट होतो. त्याच चौकटीत, त्याच उजेडात बगळा उभा असेल तर तो अधिक विश्वासार्ह संदर्भ ठरतो. मात्र अतिप्रकाशाने त्याच्या पिसांतील तपशील जळालेला नसावा. प्रारंभीच क्रॉप करणारा छायाचित्रकार नेमका हा बगळा चौकटीबाहेर घालवितो.

तेव्हा प्रथम एक्स्पोजरची तपासणी, मग व्हाइट बॅलन्स, त्यानंतर कॉन्ट्रास्ट व रंग, आणि क्रॉप त्याही नंतर, हा क्रम अधिक ग्राह्य वाटतो. नॉइज कमी करणे शार्पनिंगच्या आधी यावे, अन्यथा चित्रातील दाणेच धारदार होतात. अंतिम शार्पनिंग छपाईचा वा पडद्याचा आकार ठरल्यावरच करावे.

दिवाणखान्यात लावावयाच्या चित्रास ही सक्ती नाही. परंतु ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तेथील पक्ष्यांची नोंद म्हणून जे छायाचित्र पुढे केले जाते, त्यासोबत मूळ रॉ फाइलही जपलेली असावी.