श्रद्धा, अनुमान आणि पाचारण

परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित असलेल्या येलदरीसारख्या गावातून एखादा ख्रिस्ती तरुण पाळकाच्या शिक्षणासाठी पुण्यास आला आहे, अशी कल्पना करावी. प्रवचनास उभे राहताच त्याची बोबडी वळते; प्रार्थनेत चित्त लागत नाही. तो अनुमान काढतो : ज्यास देवाचे पाचारण आहे त्यास भय नसते, मला भय वाटते, अर्थात मला पाचारण नाही. अशा विद्यार्थ्यासाठी श्रद्धाधिष्ठित विचारोपचार सुचविला जातो. त्याचे मूल्य व मर्यादा यांचा येथे विचार करावयाचा आहे.

दुःख केवळ घटनेतून नव्हे, तर घटनेविषयीच्या समजुतीतूनही उद्भवते. म्हणून ती समजूत पारखून घ्यावी, हे या उपचाराचे मूलतत्त्व होय. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि आरन बेक यांनी पुढील दशकात त्यास शास्त्रीय रूप दिले. एलिस प्रारंभी धर्मश्रद्धेकडे संशयानेच पाहत. उलट, रिबेका प्रॉप्स्ट व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विषादग्रस्त धार्मिक रुग्णांना धार्मिक आशयाचा विचारोपचार गुणकारी ठरला. आणि स्वतः श्रद्धाळू नसलेल्या उपचारकांच्या हातूनही तो यशस्वी झाला. एका लहान प्रयोगावर मोठी इमारत उभारू नये हे खरे. तथापि उपचारकाच्या भक्तीपेक्षा रुग्णाच्या श्रद्धेची भाषा जाणणे अधिक महत्त्वाचे, असे त्यावरून सूचित होते.

धोका निराळाच आहे. भिऊ नये असे शास्त्रवचन विद्यार्थ्यापुढे टाकले, की भयाच्या जोडीस अपराधाची भावना येते आणि समुपदेशनाचा उपदेश होतो. या दृष्टीने पहिल्या राजे ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय मननीय आहे. मरण मागणाऱ्या एलीयास आधी झोप व भाकर मिळते. मग प्रश्न विचारला जातो, तोही दोनदा. आपण एकटेच उरलो, या त्याच्या विधानास उत्तर मिळते ते सात हजारांच्या संख्येचे. दुरुस्त होते ती त्याची मोजणी. श्रद्धेस कोणी हात लावीत नाही. शिवाय भ्यालेल्या त्याच मनुष्यास पुन्हा कामगिरीवर धाडले जाते. आपल्या विद्यार्थ्याचा पहिला सिद्धांत येथेच कोसळतो.

ही पारख ज्याची त्यानेच केली पाहिजे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी कसा सोडविला, हे 'स्मृतिचित्रे'त वाचावयास मिळते. पतीच्या धर्मांतराने जे घडले नाही, ते स्वतःच्या विचाराने घडले.

परंतु प्रत्येक वेदना चुकीच्या अनुमानातून येत नाही. ईजबेलची धमकी खरीच होती. बोलीवरून वा जातीवरून वसतिगृहात विद्यार्थ्याची हेटाळणी होत असेल, तर सुधारणा संस्थेने आपल्यात करावी. त्याच्या विचारांत नव्हे. तसेच, जो गुरू त्याच्या दीक्षेची योग्यता ठरवितो, त्याच्याजवळ तो आपले भय मोकळेपणाने कसे सांगणार? परीक्षक व समुपदेशक भिन्न असणे अगत्याचे आहे. आणि शांत चित्ताने विचार करून आपणांस पाचारण नाही, असा निर्णय विद्यार्थ्याने घेतला, तर तोही उपचाराचे यशच मानण्याची तयारी हवी. ती नसेल, तर श्रद्धेच्या नावाने चाललेली ती केवळ भरती ठरेल.