‘इंधन’ आणि आपलेपणाचा प्रश्न

हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीवर आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा लेखकाच्या भूमिकेवरून. मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना १९७० ची, कादंबरी त्याआधीची. तरी सुधारकाचा चष्मा लावूनच ती वाचली जाते आणि तिच्यातला खरा प्रश्न नजरेआड होतो. माणूस आपल्या जमातीशी बांधला जातो तो कशाने?

निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो. धर्माचरणाशी त्याचे फारसे सख्य नाही. पण गावात तणाव वाढतो तेव्हा त्याचे विचार गौण ठरतात. तो कोणाचा, एवढेच मोजले जाते. जमातीवरची निष्ठा निव्वळ श्रद्धेतून येत नाही. नातीगोती, घराण्याचा मान, गावच्या प्रथा यांतून ती अंगवळणी पडते, हे दलवाई दाखवतात. हिंदूंचेही तसेच. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी समोरासमोर उभे राहतात.

निवेदक बराचसा बघ्याच्या अंतरावर राहतो, ही मर्यादा मानता येईल. पण आपल्या माणसांचे दोष लिहिणे म्हणजे कौमशी बेइमानी, हा समज आपल्यात अजून आहे. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्या मातीत वाढल्याशिवाय हे बारकावे दिसले नसते. आपल्या माणसांना गुणदोषांसह उभे करणे, हीदेखील इमानदारीच आहे. मुस्लिम मराठी लेखकाने ‘इंधन’कडून एवढे तरी घ्यावे.